कॅमेरा आला, बॅटरी कुठे मिळेल?



या सदरात आजवर पाण्याच्या इंजिनापासून मळणी यंत्रापर्यंत पुष्कळ बोलून झाले. आज कॅमेऱ्याविषयी बोलणार आहे. शेतकऱ्याच्या पानात कॅमेरा कशाला, असे कोणी म्हणेल. पण आमच्या मुळशी तालुक्यात तोही आता घरच्या यंत्रांत जमा झाला आहे. भाताचे एकच पीक, तेही पावसाच्या मर्जीवर. त्यात घर भागत नाही, म्हणून मुले जोडधंदा पाहतात. धरणाच्या काठाला आणि ताम्हिणीच्या घाटात पुण्याची जोडपी लग्नाआधीचे फोटो काढून घ्यायला येतात; गावात लग्ने, बारशी, साखरपुडे असतातच. कोणी म्हैस घेतो, कोणी कॅमेरा घेतो. हिशेब तोच.

आमच्या थोरल्या भावाच्या मुलाने मागच्या दिवाळीत कॅमेरा घेतला. चांगला, वरच्या दर्जाचा, अर्थात हप्त्यावर. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण हे दुखणे एका कंपनीचे नाही. वहिनीने हळदकुंकू वाहिले, पेढे वाटले. खोके उघडले तर आत कॅमेरा, एक बॅटरी, गळ्यात अडकवायचा पट्टा आणि कागदांची चवड. चार्जर नाही.

"आता असंच येतं तात्या. मोबाइलच्या चार्जरवर चालतं," पोरगा म्हणाला.

"आणि दुसरी बॅटरी?"

"सांगून ठेवलीय. येईल की."

ती आली चैत्र उलटल्यावर. मधे फाल्गुनात एक मोठे लग्न होऊन गेले. आदल्या संध्याकाळची हळद, सकाळचे देवक, मग वरात, आणि भरीला सगळ्याचे चलचित्रण. एवढ्या कामाला एक बॅटरी म्हणजे एका बैलाने दोन एकर चिखलणी. मंगलाष्टके झाली, आणि आहेराची रांग लागायच्या सुमारास कॅमेऱ्याने मान टाकली. पोरगा मांडवाच्या मागे एका खोलीत कॅमेरा चार्जरला लावून बसला. नेमकी त्याच अर्ध्या तासात नवरीची आजी आली. नव्वदीची म्हातारी, दोघांनी खुर्चीवरून उचलून आणलेली. तिने नातीच्या तोंडावरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटे मोडली. सगळा मांडव पाहत होता. कॅमेरा तेवढा नव्हता.

आषाढात आजी गेली. नवरीचे वडील घरी आले आणि त्या वेळचा एखादा फोटो असला तर द्या, म्हणाले. हजाराच्या वर फोटो होते, तो एक नव्हता. शेवटी कोणा पोराच्या मोबाइलवर एक पुसटसा सापडला, त्यात आजीचा निम्मा चेहरा दुसऱ्या कोणाच्या फेट्याआड. तोच मोठा करून चौकटीत बसवला. त्या गृहस्थांनी पैशाचे नाव काढले नाही. "भांडले असते तर बरं वाटलं असतं," असे पोरगा अजून म्हणतो.

मला राग आला तो आमचाच. इंजिन घेताना आपण काय विचारतो? वॉशर पौडला मिळतो का, नोझल पिरंगुटला मिळतो का, बिघडले तर मिस्त्री कोण? फवारणीचा पंप घेतानासुद्धा म्हातारी माणसे विचारतात, "ह्याचं रबर मिळतं का बाजारात?" आणि पंपाच्या कितीतरी पट किमतीचा कॅमेरा घेताना घरातल्या एकानेही हे विचारले नाही. मीही नाही. यंत्र चकचकीत दिसले की अक्कल थोडी बाजूला बसते.

बॅटरी मिळत का नव्हती, ते मागाहून समजून घेतले. तुम्हीही घ्या, कारण त्यावरून पुढचे पुष्कळ उलगडते. पहिली गोष्ट अशी की कॅमेऱ्याची बॅटरी म्हणजे विजेरीचे सेल नव्हेत, की कुठल्याही दुकानातून आणून घातले. प्रत्येक कंपनीचा आकार वेगळा, आणि आत एक छोटी चकती असते जी कॅमेऱ्याशी बोलते. त्यातही कंपन्या मधूनच वाण बदलतात. कॅननने २०२४ साली आर-५ मार्क टू हा भारी कॅमेरा आणला आणि त्याच्याबरोबर एलपी-ई६पी नावाची नवी बॅटरी. जुनी बॅटरी त्यात बसते खरी, पण काही कामे कॅमेरा तिच्यावर करून देत नाही. सोनीने २०१७ साली ए-९ या कॅमेऱ्याबरोबर बॅटरीचा आकारच बदलला. नवी कितीतरी दमदार निघाली हे मान्य, पण ज्यांच्या पिशवीत जुन्या चार होत्या त्यांच्या त्या नव्या कॅमेऱ्यापुरत्या निकामी झाल्या.

दुसरी गोष्ट मला ठाऊकच नव्हती. ही लिथियमची बॅटरी आगीचा माल समजली जाते. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायच्या नाहीत. कॅमेऱ्याच्या खोक्यात कॅमेऱ्याबरोबर असलेली बॅटरी चालते. एकटी निघाली की तिला मालवाहू विमान तरी पाहिजे, नाहीतर जहाज. म्हणजे नवा कॅमेरा विमानाने झटकन येतो आणि त्याची जोडबॅटरी मागून बैलगाडीने येते म्हणा ना. विमानाने सुट्या जाणाऱ्या बॅटऱ्या तीस टक्क्यांहून अधिक भरलेल्या नसाव्यात असाही नियम आहे. म्हणून नवी बॅटरी अर्धीमुर्धी भरलेली आली तर दुकानदाराला शिव्या देऊ नका. वापरायच्या आदल्या रात्री पुरती भरून घ्या.

शिवाय कॅमेऱ्याचा सगळा कारभार दूरदेशी. एप्रिल २०१६ मध्ये जपानात कुमामोतोला भूकंप झाला. तिथला सोनीचा कारखाना कॅमेऱ्याचा डोळा, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग बनवतो. तो बंद पडला तेव्हा दुसऱ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचाही तुटवडा पडला. २०२१ साली जगभर चिपा कमी पडल्या, तेव्हा सोनीला काही कॅमेऱ्यांच्या मागण्या घेणेच थांबवावे लागले. २०२४ साली फुजीफिल्मच्या एक्स-१००-६ साठी तर लोकांनी महिनोन् महिने वाट पाहिली. कॅमेराच जिथे पुरत नाही, तिथे त्याच्या बॅटरीला आणि झाकणाला कोण विचारतो?

माझ्या तरुणपणी गावात एक अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. बडोद्यात बनलेला. त्यात बारा फोटोंचा रोल बसे आणि बॅटरी लागतच नसे. रोल मिळाला तर फोटो, नाहीतर खुंटीला. तेव्हाही अडायचे, पण कशाने अडले ते डोळ्यांना दिसायचे. असो. ते दिवस परत आणा असे मी म्हणत नाही, त्या बारातले पाच तरी हललेले निघायचे.

आता आहे त्या एका बॅटरीत दिवस कसा काढायचा, ते सांगतो. हे आमच्या पोराने त्या लग्नानंतर चुका करकरून शिकलेले आहे.

विहिरीला पाणी कमी असले की आपण पाट बांधून ठेवतो, फुटू देत नाही. तसेच करायचे. कॅमेऱ्याचा मोबाइलशी बोलायचा जो बिनतारी धागा असतो, वायफाय आणि ब्लूटूथ, तो बंद. मागच्या पडद्याचा उजेड कमी. फोटो काढल्यावर तो आपोआप पडद्यावर दिसत राहतो ते बंद. आणि सगळ्यांत मोठे म्हणजे काढलेले फोटो पाहुण्यांना दाखवत बसणे बंद. आपल्याकडे फोटो काढला की दहा माणसे भोवती गोळा होतात, "दाखव, दाखव." नव्या कॅमेऱ्यात आरसा नसतो, म्हणून तो चालू आहे तोवर आतला डोळा आणि एखादा पडदा जळतच असतो. फोटो काढा अगर नुसते हातात धरून उभे राहा, बॅटरी उतरतेच. दोन विधींच्या मधे बटण बंद करायची सवय लावा. चलचित्रण सर्वांत जास्त खाते. यजमानाशी आधीच बोलून ठरवा, कशाचे घ्यायचे आणि कशाचे नाही.

पॉवर बँकेचा आधार मोठा आहे. नवे बरेच कॅमेरे सी-प्रकारच्या वायरीने पॉवर बँकेवर भरता येतात. युरोपात तर २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांनाही ही वायर सक्तीची झाली, म्हणून पुढे आपल्याकडेही बहुतेक असेच येतील. पण पॉवर बँकेवर पीडी ही अक्षरे आहेत का ते बघा. नसतील तर कित्येक कॅमेरे तिला दाद देत नाहीत. आणि आकड्यांना भुलू नका. पॉवर बँकेवर १०,००० लिहिलेले असते, बॅटरीवर २,२८०, म्हणून कोणी म्हणेल चार वेळा भरेल. भरत नाही. दोघांचा व्होल्ट वेगळा. पॉवर बँकेचे दहा हजार हे ३.७ व्होल्टचे, म्हणजे ३७ वॉट-तास. कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची, म्हणजे सुमारे १६.४ वॉट-तास. वाटेत होणारी गळती धरली तर दीड वेळा, फार तर पावणेदोन वेळा. आमच्या पोराने आता कमरेच्या पिशवीत पॉवर बँक ठेवली आहे. जेवणाच्या पंगती बसल्या की तो कॅमेरा तिला जोडतो आणि स्वतःही जेवून घेतो.

हे आमच्या भागात अधिकच लागते. १९२१ साली सेनापती बापटांच्या मागे उभे राहून इथल्या मावळ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याला जाते आणि १९२७ पासून तिथे वीज होते. तरी पावसात एखादे झाड तारेवर पडले की आम्ही रात्रभर कंदिलावर. धरण उशाला आणि अंधार घराला. म्हणून दिवे आहेत तेव्हाच भरून ठेवायचे, उद्यावर टाकायचे नाही.

मात्र काम नसताना बॅटरी पूर्ण भरून महिनाभर ठेवू नका, आणि पूर्ण रिकामी तर मुळीच नको. निम्मी भरलेली, कॅमेऱ्याबाहेर काढून, थंड जागी ठेवावी. जुन्या बॅटऱ्यांना पूर्ण उतरवून मग भरायची रीत होती, ती हिला लागू नाही. चैत्र-वैशाखात बंद गाडीच्या काचेमागे ठेवलीत तर एका उन्हाळ्यात तिचे म्हातारपण येईल.

तुटवडा पडला की डुप्लिकेट माल निघतोच. खताचे तसेच, बियाण्याचे तसेच. निम्म्या किमतीत बॅटरी मिळते म्हणून आमच्या पोरानेही एक आणली होती. दोन आठवडे बरी चालली, मग मधेच बंद पडू लागली, आणि एक दिवस पोट फुगून कॅमेऱ्यातच अडकली. अशी फुगलेली बॅटरी सुरी-स्क्रू घालून उचकटू नका. भोक पडले तर पेट घेते. कॅमेरा तसाच जाणत्याकडे न्या. पोराचे नशीब थोर, तिथल्या माणसाने अलगद काढली.

दुसऱ्या कंपनीच्या सगळ्याच बॅटऱ्या वाईट असतात असे नाही. पण घेताना तिच्यावर आयएस १६०४६ हा आकडा आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापला आहे का ते पाहा. आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्यूरोची ही नोंदणी लागते. ब्यूरोचे बीआयएस केअर नावाचे मोबाइल अ‍ॅप आहे. त्यात तो क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावाची ते दिसते. दुकानात उभे राहूनच टाका. दुकानदाराचे तोंड वाकडे झाले तर तेवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

मेमरी कार्डाचे थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या दुकानात मिळणारे नखाएवढे कार्ड खोळीत घालून मोठ्या कॅमेऱ्यात चालवू नका. अडीनडीला चालेल, लग्नाला नको. काही भारी कॅमेऱ्यांना सीएफएक्सप्रेस नावाचे वेगळे कार्ड लागते, ते तालुक्याला शोधून सापडणे कठीण, आणि ते वाचायला वेगळा रीडर लागतो तो वेगळाच. दोन कार्डांची खाचणी असेल तर दोन्हींत एकदम फोटो उतरायची सोय लावून ठेवा. कार्ड घरी आले की त्याच रात्री उतरवून घ्या, मग जेवा.

आता पाऊस. ताम्हिणीचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचा नाही. जुलै २०२४ मध्ये तिथे एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या वर पडला. कॅमेऱ्यावर लिहिलेले असते की थोडे पाणी सोसतो. थोडे म्हणजे शिंतोडे. आमच्याकडे थोडे काही पडत नाही. कंपनीचे पावसाळी आच्छादन मागवून आले नाही, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी जाड पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घेतली, पुढे लेन्सपुरते भोक पाडून रबराने आवळली, मागून हात घालायला वाट ठेवली. पोरगा तिला कॅमेऱ्याचे इरलेच म्हणतो. दोन पावसाळी लग्ने तिने काढली. लेन्सचे झाकण लावणीच्या चिखलात गेले तेव्हा त्याच मापाची जुन्या गोधडीची दोरीवाली टोपी शिवली. फोम घातलेली महागडी पिशवी विकत घेण्यापेक्षा गोधडीची पिशवी मला तरी बरी वाटली. घाणेरडी झाली की ओढ्यावर धुता येते.

पण पावसाहून वाईट दमट हवा. चार महिने पिशवीत कोंडलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. एकदा काचेवर मुरली की साफ करूनही डाग राहू शकतो. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवा, असे सांगणारे शहाणे भेटतील. आम्ही भात पिकवणारी माणसे, आम्हाला ठाऊक आहे तांदळाला किती कोंडा आणि पीठ असते. ते सगळे कॅमेऱ्याच्या फटीत जाते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि आत सिलिका जेलचे खडे कापडी पुरचुंडीत ठेवा. केशरी खडे ओल धरली की हिरवट होतात. मग मंद आचेवर तव्यात परतले की परत केशरी. निळे खडेही मिळतात, ते ओल धरून गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्टचे विष असते. लहान मुलांच्या घरात केशरीच बरे, आणि तवाही त्याच कामाला वेगळा ठेवा. आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून उजेडात चार फोटो काढा. जनावर बांधून ठेवले तर आखडते, तसेच हे.

आणि एक. कार्यालयाच्या गारेगार खोलीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत आणलात तर काचेवर दव धरते. पिशवीचे तोंड बंद ठेवून अर्धा तास थांबा, मग काढा. नवरानवरीला थांबवणे अवघड, म्हणून कॅमेरा आधीच बाहेर नेऊन ठेवावा.

हे सगळे केले तरी एका बॅटरीची ती एकच बॅटरी. तिच्यावर खरा उपाय आमच्या थोरल्या भावाने काढला, ज्याला कॅमेऱ्यातले ओ की ठो कळत नाही. एक दिवस तो पोराला म्हणाला, "तुझ्यासारखाच डबा कोळवणच्या पोराकडं हाय, माल्याच्या पोराकडंबी हाय. मग सावड का करत नाही?" ज्याच्याकडे एकच बैल त्याने दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायची, हे आपल्याला शिकवायला नको. पण तिघे पोरगे एकाच धंद्यातले, एकमेकांची गिऱ्हाइके पळवणारे. तोंडे फिरवून होते. भाऊ स्वतः दोघांच्या घरी जाऊन चहा पिऊन आला.

आता तिघांच्या मिळून पाच बॅटऱ्या झाल्या आहेत. ज्याच्या घरी लग्नाचे काम, त्याच्याकडे आदल्या संध्याकाळी तीन जातात. दोन कामे एकाच तिथीला आली तर ज्याने आधी सांगितले त्याला तीन, दुसऱ्याला दोन. परत देताना पूर्ण भरून द्यायची, आणि पडली-फुटली तर नवी घेईपर्यंत आपली द्यायची. प्रत्येक बॅटरीवर रंगाचा ठिपका आहे. घेतल्या-दिल्याची वही आमच्या वहिनींकडे असते, दुधाच्या वहीच्या शेजारी. पोरांना सांगितले आहे की चौथा कोणी कॅमेरा घेणार असेल तर त्याने आधी आमच्या घरी यावे आणि आमच्याच जातीची बॅटरी लागणारा घ्यावा, मग भले दुसऱ्या कंपनीचा चार रुपयांनी स्वस्त का मिळेना.

तुळशीच्या लग्नानंतरच्या तिथ्यांची वाटणी परवाच झाली. पहिल्याच दिवशी तिघांनाही काम आहे आणि बॅटऱ्या पाचच. वहिनींनी तिघांना रविवारी बोलावले आहे.